नमुन्याची चिठ्ठी

एकतीस वर्षं मी परभणीत माती तपासली.
कापडी पिशवी, पिशवीत चिठ्ठी :
गाव, नाव, गट नंबर, किती खोलीवरची.
चिठ्ठी नसलेली पिशवी आम्ही परत करायचो.
माती बोलते, पण कुठून बोलते ते कळल्याशिवाय
तिचं ऐकायचं कसं?

उत्पला, माझी भाची,
द्राक्षवेलींच्या मुळांवर शिकायला स्पेनला गेलेली,
दोन वर्षांनी आली ती चार बाटल्या घेऊन.
जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्या गावात
स्पेनला कोण विचारतं!
चारातली एक जिंतूर रोडच्या खड्ड्यात गेली,
म्हणजे बॅगेतच, तिच्या स्वेटरमध्ये.

उरल्या तीन. गच्चीवर सतरंजी, स्टीलचे गिलास,
खारे शेंगदाणे, आणि युनूसभाई,
प्रयोगशाळेत माझ्यासोबत चाळणी धरलेले.
ते घेत नाहीत. म्हणाले, "वास घ्यायला काय हरकत?
माती तरी आपण कुठं खात होतो?"
मी खात होतो. जिभेच्या टोकावर, कुणी बघत नसताना.

आणि सांगून टाकतो, मला दारूची भीती आहे.
आमच्या गल्लीत दारूला गाव नव्हतं,
फक्त दुकान होतं,
आणि दुकानातून हाताला धरून आणलेले बाप.

पहिली फिकट, खडूसारख्या पांढऱ्या मातीतली.
उत्पला म्हणाली, ही पिंपात मुरते,
वर यीस्टची साय धरते,
जुन्यातलं थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं,
पिंप कधी रिकामं पडू द्यायचं नाही.
"विरजण," माझी बायको म्हणाली,
तिचा त्या संध्याकाळचा पहिला शब्द.
कोरडी होती. बदामाच्या सालीसारखी, जराशी खारट.
त्या मातीवर ॲसिडचा थेंब टाकला असता
तर नक्की फसफसली असती,
आपल्या चुनखडीसारखी.

दुसरीचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
भेगाभेगांतून मूळ खाली जातं
दहा हात, वीस हात, ओल लागेपर्यंत.
युनूसभाईंनी गिलास नाकाशी धरला
आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग :
"मे महिन्यातला तापलेला दगड,
अन् त्याच्यावर कुणीतरी जांभळं सांडलीत."
मी घोट घेतला. बाभळीची कच्ची शेंग चावल्यागत
जीभ आखडली.
"थांबा मामा," उत्पला म्हणाली. थांबलो.
हळूहळू ती निवळली,
तापट माणूस जेवून उठल्यावर निवळतो तशी.

तिसरी स्वस्तातली, मधल्या पठारावरची.
तिथं समुद्र नाही, पावसाचा भरवसा नाही.
वेली बुटक्या, तारेचा आधार नसलेल्या,
पाण्यावाचून राहिलेली तूर होते तेवढ्याच.
पूर्वी रस रांजणात ठेवायचे,
उभा माणूस मावेल अशा रांजणात.
ही मला आवडली.
का, ते अहवालात लिहिता येणार नाही.

मग चष्मा लावून बाटलीवरचा कागद बघितला.
उत्पलानं बोट ठेवत सांगितलं :
हे गाव. हे नाव. हा शेताचा तुकडा.
"आणि खोली?"
"खोली लिहीत नाहीत, मामा."
"ती पिऊन बघायची असंल,"
युनूसभाई म्हणाले, न पिता.

मला मोंढा आठवला.
पोत्यावर अडत्याचा शिक्का, द्राक्षाच्या खोक्यावर व्यापाऱ्याचा फोटो.
कुठल्या माळाची ज्वारी इतकी गोड लागली
हे जेवताना कुणीच कुणाला सांगू शकत नाही.
एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या मी.
सगळ्या कपाटात राहिल्या.

फुटलेली बाटली समुद्राकाठची होती म्हणे.
तिचा कागद भिजून लगदा झालेला.
बायकोनं स्वेटर रिठ्यात भिजवला, दोनदा पिळला,
तरी सकाळी दोरीवर
कच्चं सफरचंद, ओला दगड
आणि मी आयुष्यात एकदाच पाहिलेलं ते पाणी.
गाव विचारलं. उत्पलाला आठवेना.

उत्पला परत गेली.
बिनचिठ्ठीचा नमुना परत करायचा, असा नियम आहे.
स्वेटर अजून माझ्याकडंच आहे.